जुन्या गिरणीची आग आणि पंचनाम्यातले ‘शॉर्ट सर्किट’

प्रश्न : अमळनेर तालुक्यातील आमच्या गावात आजोबांच्या काळापासूनची आमची पिठाची गिरणी आहे. पुढचा भाग धाब्याचा, म्हणजे सागवानी सऱ्यांवरच्या मातीच्या छताचा, आणि मागची खोली पत्र्याची. पूर्वी गिरणी ऑइल इंजिनावर चालायची. ते इंजिन बंद अवस्थेत मागच्या खोलीत अजून उभे आहे. आता दहा अश्वशक्तीच्या थ्री फेज मोटरीवर दोन चक्क्या चालतात, एक गव्हाची आणि दुसरी ज्वारी, बाजरी व कळण्याची. आग लागली त्या दिवशी लग्नसराईमुळे सकाळपासून दळण सुरू होते. गव्हाच्या चक्कीचे बेअरिंग काही दिवसांपासून आवाज करत होते. रात्री आठला मेन स्विच बंद करून आम्ही घरी गेलो. अकराच्या सुमारास शेजाऱ्यांना जळका वास आला, परंतु कोणीतरी शेतात पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) पेटवल्या असतील असे समजून त्यांनी लक्ष दिले नाही. दोनच्या सुमारास ज्वाळा दिसल्या आणि काही वेळाने मोठा धमाका झाला. तालुक्याहून बंब येईपर्यंत धाबे खाली बसले होते. पंचनाम्यात ‘शॉर्ट सर्किटमुळे आग’ असे लिहिले आहे. वायरमन विचारतो, मेन बंद असताना शॉर्ट सर्किट होईलच कसे? गावात मात्र आमच्या भाऊबंदकीच्या वादाशी संबंध जोडून आग लावल्याची कुजबुज आहे. विमा कंपनीचा सर्व्हेअर अजून यायचा आहे आणि पावसाळ्याआधी ढिगारा उपसून टाकावा, असा घरच्यांचा आग्रह आहे. आगीचे खरे कारण कसे कळेल?

— एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : सर्वांत आधी ढिगारा उपसण्याचे काम थांबवावे. पावसाची भीती असेल तर वर ताडपत्री बांधावी, भिंती कलल्या असतील तर टेकू द्यावेत, पण सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत आणि शक्य असल्यास आगीच्या तपासाची माहिती असलेल्या एखाद्या अभियंत्याने जागा पाहीपर्यंत आतली एकही वस्तू हलवू नये. तसे लेखी पत्र विमा कंपनीला आजच द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. चारही कोपऱ्यांतून, तसेच प्रत्येक यंत्राचे जवळून आणि लांबून असे फोटो काढून ठेवावेत.

पत्रावरून कारण सांगणे योग्य नव्हे आणि तसे मी सांगणारही नाही. मात्र आपल्या पत्रात तीन वेगवेगळे दावे आहेत, पंचनाम्याचा, वायरमनचा आणि गावाचा, आणि त्यांपैकी एकाही दाव्याने आग नेमकी कोठे सुरू झाली हे सांगितलेले नाही. तपासाचा क्रम आधी ठिकाण, मग कारण असाच असावा लागतो. पंचनामा हा समोर दिसलेल्या स्थितीचा कागद असतो. जळालेली वायर दिसली हे त्यातले निरीक्षण झाले, आग वायरीमुळे लागली हा निष्कर्ष झाला, आणि निरीक्षणाच्या ओळीत निष्कर्ष घुसवण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे.

ठिकाण शोधण्याच्या दृष्टीने आपले धाबे पडले हे नुकसान असले तरी काही अंशी उपकारकही आहे. लाकडी सऱ्यांवरच्या फळ्या जळून वरचा मातीचा जाड थर खाली बसतो, तेव्हा त्या मातीखाली जे गाडले जाते ते पुढच्या जळण्यापासून आणि बंबाच्या पाण्यापासून बरेचसे वाचते. म्हणून ढिगारा फावड्याने न ओढता वरून खाली, थराथराने काढावा. मातीखालच्या फरशीवर पूर्ण जळालेले, काजळलेले अवशेष सापडले तर ती जागा छत पडण्याआधीच पेटलेली होती. मातीखाली कोरी पोती किंवा न करपलेले पीठ सापडले तर तेथे आग उशिरा पोहोचली किंवा पोहोचलीच नाही. उभ्या राहिलेल्या भिंतींवर खाली निमुळता आणि वर रुंद होत जाणारा काजळीचा किंवा भाजल्याचा पट्टा दिसतो का, सऱ्यांची कोणती बाजू अधिक खोल जळाली आहे, पत्र्यांवरचा गंज कोणत्या दिशेने वाढत गेला आहे, हे सगळे एका साध्या नकाशावर मांडावे. येथे एक सावधगिरी हवी. आग पूर्ण भडकल्यानंतर जेथून हवा मिळते तेथे, म्हणजे दार-खिडकीपाशी आणि पडलेल्या छताच्या भगदाडाखाली, ती सर्वाधिक जाळते. त्यामुळे सर्वांत जास्त जळालेली जागा म्हणजे सुरुवातीची जागा, हा हिशेब पुष्कळदा चुकतो.

आता विजेकडे वळू. वायरमनचे म्हणणे अर्धे खरे आहे. मेन स्विच बंद केल्यावर त्याच्या पुढची मोटर आणि स्टार्टर मृत होतात, पण खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, मीटर, कटआउट (फ्यूज) आणि मेन स्विचच्या वरच्या टोकापर्यंतची जोडणी रात्रभर जिवंतच असते. शिवाय जुन्या गिरण्यांत एखादा दिवा किंवा देवाच्या तसबिरीपुढचा बल्ब मेनच्या आधीच जोडून घेतलेला असतो. आपल्याकडे तसे काही होते का, ते आठवून पाहावे. मेन खरोखर बंद होता का, हेही तोंडी न ठेवता तपासता येते. लोखंडी पेटीचा मेन स्विच असेल तर तो जागेवरून न काढता, साक्षीदारांसमोर उघडावा. आतली तांब्याची पाती जबड्यात बसलेली सापडली आणि ती ओढल्यावर टेकलेला भाग स्वच्छ चकचकीत निघाला, तर आगीच्या वेळी स्विच चालू होता. पाती बाहेर असून त्यांच्या टेकणाऱ्या पृष्ठभागावर आणि जबड्याच्या आत काजळी बसलेली असेल, तर तो बंद होता. आगीनंतर कोणी दांडा वर-खाली केला, तर हा पुरावा कायमचा जातो.

वायरींबद्दल दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. शुद्ध तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना. घराच्या साध्या आगीतही ॲल्युमिनियमची वायर सहज वितळते, म्हणून वितळलेल्या ॲल्युमिनियमवरून काहीच सिद्ध होत नाही. तांब्याच्या तारेच्या टोकाला लहान गोल मणी असून त्याला लागून असलेली तार जशीच्या तशी, वितळलेल्या आणि न वितळलेल्या भागातली सीमा अगदी स्पष्ट, असे असेल तर तेथे विजेची ठिणगी उडालेली असते. तार लांबवर पातळ होत ओघळलेली असेल तर ती आगीच्या उष्णतेने वितळलेली असण्याचा संभव अधिक. परंतु मणी सापडला म्हणून आग तेथून लागली, असेही ठरत नाही. बाहेरून आलेल्या आगीने जिवंत वायरीचे आवरण जाळले की तारा एकमेकींना भिडतात आणि तेथेही तसाच मणी तयार होतो. म्हणजे शॉर्ट सर्किट हे आगीचे कारण असू शकते तसेच परिणामही, आणि आपल्याकडच्या पंचनाम्यांत हा फरक सहसा केला जात नाही. मण्यांचा उपयोग वेगळा आहे: ते वायरिंगच्या नकाशावर मांडले की आगीने जिवंत वायरीला प्रथम कोठे गाठले याचा अंदाज बांधता येतो. आणि मेन स्विचच्या पुढच्या, मोटरीकडे जाणाऱ्या वायरीवर असा मणी मिळाला, तर ‘मेन बंद होता’ या जबाबाची फेरतपासणी करावी लागेल.

मोटर भंगारात देण्याआधी तिचे झाकण उघडून वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळ्या, पाहावे. ग्रामीण भागात एक फेज जाण्याचा प्रकार नवा नाही आणि उरलेल्या दोन फेजवर मोटर ओढत राहिली तर वाइंडिंग ठरावीक पद्धतीने जळते. गुंडाळ्या एकमेकींना जोडण्याच्या स्टार आणि डेल्टा अशा दोन पद्धती असतात. स्टार जोडणीच्या मोटरीत दोन फेजच्या गुंडाळ्या काळ्या पडतात आणि तिसरी शाबूत राहते. डेल्टा जोडणीत एकीच काळी पडते आणि दोन वाचतात. बाहेरच्या आगीत सापडलेल्या मोटरीत असा भेद नसतो, तेथे सगळ्याच गुंडाळ्या बाहेरून आत करपत जातात.

तरीही पत्र वाचताना माझे लक्ष सर्वांत अधिक गेले ते बेअरिंगच्या आवाजाकडे आणि अकरा वाजताच्या वासाकडे. दिवसभर चाललेल्या चक्कीचे कोरडे पडत आलेले बेअरिंग, भोवती वर्षानुवर्षे साठलेले पीठ आणि तेलकट मेण, आणि मे महिन्यातल्या खान्देशात रात्रीही न निवणारी बंद खोली, हे सगळे एकत्र आले की पीठ ज्वाळेशिवाय आतल्या आत धुमसू शकते. नेहमी वापरले जाणारे लिथियमचे ग्रीस साधारण १८० ते १९० अंशांना पातळ होऊन गळू लागते. ते गळाले की घर्षण वाढते, तापमान वेगाने चढते आणि बेअरिंग आणखी कोरडे पडते. गव्हाच्या पिठाचा काही मिलिमीटर जाडीचा थर पेटण्यास तापलेल्या पृष्ठभागाचे तापमान साधारणपणे ३५० ते ४५० अंश लागते, आणि थर जितका जाड तितक्या कमी तापमानाला तो धुमसू लागतो. चक्की थांबल्यावर धोका टळला असे आपल्याला वाटते. परंतु एकदा धुमसू लागलेल्या थराला पुढे चक्की चालू राहण्याची गरज नसते. तो तासन्‌तास वास आणि थोडा धूर सोडत सरकत राहतो आणि पोते, पट्टा किंवा कोरडे लाकूड गाठले की ज्वाळा धरतो. आठ, अकरा आणि दोन हे आपले तीन वेळांचे टप्पे या प्रक्रियेशी जुळतात. जुळतात एवढेच; हा पुरावा नव्हे.

पुरावा बेअरिंगमध्येच मिळेल. एकाच शाफ्टची दोन्ही बेअरिंगे काढून शेजारी शेजारी ठेवावीत. आगीत दोन्ही सारखीच भाजलेली असणार, म्हणून पोलादावरच्या निळ्या-पिवळ्या रंगांवरून निर्णय करू नये. पाहायचे ते झीज आणि मोड: एकातल्या गोळ्या चपट्या झाल्या आहेत का, गोळ्यांना जागेवर धरणारा पिंजरा तुटून चुरा झाला आहे का, आतली कडी शाफ्टवर फिरून खोल चरे पडले आहेत का, आणि दुसरे बेअरिंग या सगळ्यापासून मुक्त आहे का. नुसत्या आगीने बंद, स्थिर बेअरिंगमध्ये असे चरे पडत नाहीत. पट्ट्याची पुलीही पाहावी. घसरत राहिलेल्या पट्ट्याचा वितळलेला रबरी लेप तिच्या एकाच पट्टीत चिकटलेला असतो. हे सारे आगीच्या सुरुवातीच्या जागेशी जुळले पाहिजे, हे मात्र सोडून चालणार नाही. ज्वाळा पहिल्यांदा कोणत्या बाजूला दिसल्या, हे पत्रात नाही. त्या मागच्या पत्र्याच्या खोलीतून निघाल्या असतील आणि गव्हाची चक्की पुढच्या धाब्यात असेल, तर बेअरिंगचा दावा लंगडा पडेल. शेजाऱ्यांना हे आजच, वेगवेगळे विचारून लिहून घ्यावे, कारण एकत्र बसवून विचारले की सर्वांची आठवण एकसारखी होते.

गिरणीच्या आगीमागे कोणाचा तरी हात शोधण्याची प्रवृत्ती काही आपल्याच गावची नाही. लंडनमध्ये टेम्स नदीकाठी वाफेच्या इंजिनावर चालणारी अल्बियन मिल्स ही प्रचंड गिरणी २ मार्च १७९१ रोजी जळाली, तेव्हा धंदा बुडण्याची धास्ती घेतलेल्या लहान गिरणीवाल्यांनी उघड आनंद केला आणि साहजिकच त्यांच्यावरच संशय गेला. तथापि वंगणाअभावी तापलेले बेअरिंग हेच कारण अधिक संभवनीय मानले जाते.

धमाक्याचा अर्थही क्रमात शोधावा लागेल. पिठाची धूळ हवेत उडून पेटली तर स्फोट होतो हे खरे, परंतु असा स्फोट आगीची सुरुवात असेल तर आवाज आधी आणि ज्वाळा मागून येतात. आपल्याकडे ज्वाळा आधी दिसल्या. आगीत तापलेले घट्ट झाकणाचे डबे, डिझेलचा कॅन किंवा टायर फुटला तरी मोठा आवाज होतो. मागच्या खोलीवर सिमेंटचे पत्रे असतील तर तेही तापून बंदुकीसारखे आवाज करत फुटतात. आणि पेटलेले धाबे खाली कोसळताना साठलेले पीठ उडून त्याचा भडका होणेही शक्य आहे. दरवाजा व पत्रे बाहेरच्या बाजूला किती लांब फेकले गेले आहेत, ते मोजून नकाशात लिहावे.

आता राहिली आग लावल्याची कुजबुज. ती पोलिसांनी तपासावी, आपण कोणाचे नाव घेऊ नये. तांत्रिक बाजू एवढीच सांगतो की फरशीवरचे डाग, तडकलेली काच किंवा सिमेंटच्या उडालेल्या खपल्या यांवरून पेट्रोल ओतले होते असे ठरवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. बंबाचे थंड पाणी तापलेल्या काचेवर पडले तरी तिला जाळीसारखे तडे जातात. नमुने पोलिसांमार्फत नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जाऊ शकतात, पण ते साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत न भरता हवाबंद डब्यात भरलेले असावेत, आणि संशयित जागेबरोबरच लांबच्या, न जळालेल्या जागेची मातीही तुलनेसाठी सोबत पाठवावी. आपल्या गिरणीत तर हे अत्यावश्यक आहे. अनेक वर्षे ऑइल इंजिन चालले त्या खोलीची जमीन डिझेलने मुरलेली असणारच, त्यामुळे तेथे डिझेलचा अंश सापडला तर त्यात काहीच नवल नाही. पेट्रोल सापडले तर गोष्ट वेगळी. आणि ‘दुसरे काही कारण सापडत नाही, म्हणून लावलेलीच असणार’ हा युक्तिवाद अग्नितपासाच्या शास्त्रात आता त्याज्य मानला जातो. पुरावा अपुरा असेल तर ‘कारण अनिश्चित’ असा शेरा देणे हेच प्रामाणिक तपासाचे लक्षण होय.

कारणाचा विम्याच्या रकमेवर काय परिणाम होतो, हे आपण विचारलेले नाही, पण सर्व्हेअर ते विचारणार आहे. प्रचलित अग्निविम्याच्या करारात शॉर्ट सर्किट, जादा दाब किंवा अतितापाने खुद्द ज्या विद्युत यंत्रात बिघाड झाला, त्या यंत्राचे नुकसान सामान्यतः वगळलेले असते; मात्र तेथून पसरलेल्या आगीने इतर यंत्रांचे आणि इमारतीचे जे नुकसान झाले, ते या वगळणुकीत येत नाही. म्हणजे ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द खरा ठरला तरी सगळा दावा बुडत नाही. आपल्या पॉलिसीतली ही कलमे नीट वाचून घ्यावीत. विद्युत निरीक्षक येऊन सर्व उलगडा करतील या भरवशावरही राहू नये, कारण विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ मधील सूचना आणि चौकशीची तरतूद माणूस किंवा जनावर दगावणे वा जखमी होणे याच्याशी निगडित आहे, आणि सुदैवाने आपल्याकडे तसे काही घडलेले नाही.

प्रश्न : माझी यावल तालुक्यात गिरणी आहे. गिऱ्हाइकाचे दळण संपल्यावर चक्की रिकामी फिरली तर दगडांतून ठिणग्या उडतात. यातून खरोखर आग लागू शकते का, की ही नुसती म्हातारी माणसे सांगतात ती भीती आहे?

उत्तर : म्हातारी माणसे बरोबर सांगतात. ग्लासगो शहरातील ट्रेडस्टन गिरणीत ९ जुलै १८७२ रोजी झालेल्या स्फोटात १८ जण मृत्युमुखी पडले. त्याची चौकशी रँकिन आणि मॅकॅडम या दोन प्राध्यापकांनी केली, तेव्हा निष्कर्ष हाच निघाला की एका जोडीतल्या दगडांना धान्याचा पुरवठा थांबला, दगडावर दगड घासून ठिणगी पडली आणि तिने धुळीने भरलेली हवा पेटली. आपली चक्की त्या कारखान्याच्या मानाने फारच लहान आहे, पण दगड तोच आणि पीठही तेच. धान्य संपत आले की दगड लगेच सैल करावेत, टाकी लावल्यानंतर, म्हणजे छिन्नीने दगड टोचून खरखरीत केल्यावर, तर विशेष लक्ष द्यावे, आणि हॉपरच्या (धान्य ओतायच्या पेटीच्या) तोंडाशी लोहचुंबक बसवावे, म्हणजे खिळे व तारेचे तुकडे दगडांत जाणार नाहीत.

हवा पांढुरकी दिसली म्हणजे ती स्फोटक झाली असे नाही. पेट घेण्यासाठी एका घनमीटर हवेत साधारण ५० ते ६० ग्रॅम पीठ तरंगत असावे लागते, आणि तितक्या दाट धुळीत दोन मीटरवरचा दिवाही दिसत नाही. खरी गोम आढ्यावर आणि वायरींवर बसलेल्या थरात आहे. सर्व पृष्ठभागांवर मिळून फरशीच्या क्षेत्रफळाइतका, अवघ्या एक मिलिमीटर जाडीचा थर तीन मीटर उंचीच्या खोलीत एकदम उडाला, तर घनमीटरमागे १५० ग्रॅमहून अधिक पीठ हवेत येते. म्हणून साफसफाई करताना ब्लोअरने पीठ उडवू नये. चक्की बंद करून, थंड झाल्यावर, ओल्या फडक्याने किंवा मऊ झाडूने वरून खाली हळू झाडावे.

प्रश्न : गिरणीत तेलाच्या चिंध्या साठवल्या की त्या आपोआप पेटतात, असे ऐकले. आमच्या गिरणीत ग्रीसच्या आणि सरकीच्या तेलाच्या, दोन्ही प्रकारच्या चिंध्या असतात.

— एक वाचक, शिरपूर

उत्तर : ग्रीस, डिझेल आणि इंजिन ऑइल ही खनिज तेले हवेतल्या प्राणवायूशी इतकी मंद प्रक्रिया करतात की त्यांच्या चिंध्या नेहमीच्या तापमानाला आपोआप पेटत नाहीत, बाहेरून ठिणगी मिळाली तर मात्र त्या उत्तम जळण ठरतात. काही वनस्पती तेलांचे तसे नाही. ती प्राणवायूशी प्रक्रिया होताना तापतात, आणि चिंध्यांच्या ढिगात ती उष्णता कोंडून चिंध्या आपोआप पेटू शकतात. जवसाचे तेल याबाबत सर्वांत धोकादायक आहे. सरकीचे तेल त्याच्याहून सौम्य असले तरी पूर्ण निर्धोक नाही, विशेषतः चिंध्या गोळा करून उष्ण कोपऱ्यात दाबून ठेवल्या तर. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात, किंवा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात आणि संध्याकाळी तो डबा गिरणीच्या बाहेर काढावा.